पनीर, चक्का, खवा व चीज यांची घरगुती साठवण

दुधाचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबास पुष्टकाळ व कृशकाळ हे दोन्ही चांगले परिचयाचे असतात. पावसाळा सरता सरता म्हशी वितात, हिरवा चारा मुबलक असतो आणि हिवाळाभर घरात दूध मावत नाही. उन्हाळ्यात त्याच घरी चहापुरते दूध राखून ठेवावे लागते. १९७० साली दूध महापूर योजना सुरू झाली व पुढे गावोगावी संकलन केंद्रे उभी राहिली. त्यामुळे जादा दुधाचा प्रश्न बराच सुटला. तथापि ओढ्याला पूर येऊन रस्ता बंद झाला किंवा केंद्राची गाडी आली नाही, तर त्या वेळचे दूध घरीच राहते. अशा वेळी गृहिणी त्याचे पनीर करते, दही लावून चक्का बांधते किंवा खवा आटविते.

परंतु पनीर केले म्हणजे दूध वाचले, असे होत नाही. म्हशीच्या १० लिटर दुधापासून सुमारे २ किलो पनीर मिळते. ते दोन दिवसांत चिकट होऊन टाकावे लागले, तर १० लिटर दूध, इंधन आणि घरच्या माणसांचे श्रम हे सर्व वाया जाते. ते न टाकता खाल्ले, तर दवाखान्याची वाट धरावी लागते. म्हणून पदार्थ करणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो नीट साठविणेही महत्त्वाचे आहे. आता अनेक खेड्यांत फ्रीज आलेले आहेत. ह्या साधनाचा उपयोग करताना कोणता पदार्थ नुसता थंड ठेवावा, कोणता गोठवावा आणि कोणता मुळीच गोठवू नये, ह्याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

पदार्थ का बिघडतात?

दुधापासून केलेला पदार्थ बिघडण्यास मुख्यतः सूक्ष्म जंतू व बुरशी कारणीभूत असतात. त्यांना वाढीसाठी पाणी, अन्न व ऊब लागते. पदार्थात पाणी जितके अधिक, तितका तो लवकर नासतो. हा नियम ध्यानात ठेवला म्हणजे बाकीच्या गोष्टी सहज उमगतात. तुपात पाणी अर्ध्या टक्क्याहून अधिक नसते, म्हणून ते फडताळातही कित्येक महिने टिकते. चेडर जातीच्या कठीण चीजमध्ये पाणी जास्तीत जास्त ३९ टक्के असते व ते थंड जागी कित्येक आठवडे राहते. पिंडी खव्यात पाणी सुमारे एकतृतीयांश असते. पनीरमध्ये मात्र ते ६० टक्क्यांपर्यंत असू शकते. त्यामुळे उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेले पनीर एक दिवसही धड राहत नाही.

पाण्याच्या जोडीला आंबटपणा, मीठ व साखर यांचाही विचार करावा लागतो. चक्क्यात पाणी पुष्कळ असले तरी तो आंबट असतो, म्हणून रोगजंतूंची वाढ त्यात सहसा कमी होते. बुरशी मात्र आंबट पदार्थावरही येते. मीठ व साखर पदार्थातील पाणी बांधून ठेवतात, त्यामुळे ते जंतूंना सहजासहजी मिळत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षित राहते. दूध तापविताना त्यातील बहुतेक जंतू मरतात. पुढे पनीर नासते ते मुख्यतः नंतर शिरलेल्या जंतूंमुळे. ओलसर मळके फडके, न उकळलेले पाणी, हात, पाट आणि सुरी ह्या वाटांनी जंतू परत येतात. तेव्हा साठवणीची पहिली पायरी फ्रीजमध्ये नसून चुलीजवळच आहे.

थंडीने काय साधते?

थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. फ्रीजच्या आतील तापमान ४ ते ५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल, तर बहुतेक जंतूंची वाढ अतिशय सावकाश होते, परंतु थांबत नाही. लिस्टेरिया नावाचा रोगजंतू तर फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. उणे १८ अंश सेल्सिअसला जंतूंची वाढ थांबते, पण त्यांपैकी कित्येक जिवंत राहतात आणि पदार्थ वितळताच पुन्हा कामाला लागतात. यावरून असे दिसून येईल की, गोठविणे हा केवळ थांबा आहे. चांगला पदार्थ गोठविला तर चांगला राहील. बिघडू लागलेला पदार्थ गोठवून सुधारणार नाही.

गोठविण्याचा दुसरा परिणाम पदार्थाच्या पोतावर होतो. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. पनीर किंवा चीज म्हणजे दुधातील प्रथिनांचे एक बारीक जाळे असून त्यात पाणी व स्निग्धांश अडकलेले असतात. बर्फाचे खडे हे जाळे फाडतात. वितळल्यावर पाणी गळते आणि पदार्थ भुसभुशीत होतो. गोठविण्याची क्रिया जितकी सावकाश, तितके बर्फाचे खडे मोठे व नुकसानही मोठे. म्हणून मोठा गोळा तसाच गोठवू नये, लहान व पातळ तुकडे करावेत.

ह्यातून साठवणीचा सरळ नियम निघतो. जो पदार्थ पुढे शिजवावयाचा, किसावयाचा, कुस्करावयाचा किंवा वितळवावयाचा आहे, तो गोठविण्यास हरकत नाही. जो कच्चाच खावयाचा आहे व ज्याचा मऊपणा हीच त्याची गोडी आहे, तो गोठवू नये.

पनीर

टिकाऊ पनीरसाठी म्हशीचे स्वच्छ दूध ८२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाच मिनिटे त्याच तापमानास ठेवावे व ७० अंशांपर्यंत निवू द्यावे. लिटरमागे सुमारे २ ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व, २०० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवून ते सावकाश ओतावे व दूध हलके ढवळावे. हिरवट पिवळी, स्वच्छ निवळी वेगळी झाली म्हणजे आणखी आम्ल घालू नये. घट्ट झालेला साका उकळून वाळविलेल्या फडक्यात बांधून वजनाखाली ठेवावा. वडी बसल्यावर ती उकळून थंड केलेल्या गार पाण्यात दोन ते तीन तास बुडवावी. वडी विहिरीच्या किंवा नळाच्या न उकळलेल्या पाण्यात बुडविणे म्हणजे तापविण्याचे सर्व श्रम फुकट घालविणे होय.

दोन-तीन दिवसांत वापरावयाचे पनीर झाकणाच्या स्वच्छ डब्यात, उकळून थंड केलेल्या पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवावे. पाणी दररोज बदलावे. पाण्यात थोडे मीठ घातल्यास पनीर अधिक टिकते, पण ते खारट होते हे स्वयंपाकाच्या वेळी ध्यानात ठेवावे. तीन दिवसांनंतर पनीरचा ताजेपणा कमी होऊ लागतो. चांगल्या थंडीत ते जास्तीत जास्त सहा दिवस राहते, परंतु घरगुती पनीरच्या बाबतीत तीन-चार दिवसांचीच मर्यादा पाळणे शहाणपणाचे ठरते.

त्याहून अधिक दिवस ठेवावयाचे पनीर केले त्याच दिवशी गोठवावे. त्यासाठी पुढीलप्रमाणे कृती करावी :

१. पनीर पाण्यातून काढून निथळावे व कोरड्या स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावे.
२. सुमारे २ सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करावेत.
३. तुकडे एकमेकांस चिकटणार नाहीत अशा बेताने ताटलीत पसरून, झाकून दोन ते तीन तास फ्रीझरमध्ये ठेवावेत.
४. कडक झालेले तुकडे अन्नासाठी वापरावयाच्या जाड पिशवीत भरावेत. एका स्वयंपाकास लागेल तेवढेच, साधारण २५० ग्रॅम, एका पिशवीत घ्यावे.
५. पिशवीतील हवा दाबून काढावी, तोंड घट्ट बंद करावे व वर तारीख लिहावी.

असे पनीर एक ते दोन महिन्यांत वापरून टाकावे. रश्श्याच्या भाजीत ते गोठलेलेच सोडून चांगली उकळी आणावी, किंवा आधी दहा-पंधरा मिनिटे कोमट मिठाच्या पाण्यात घालून मग शिजवावे. पराठ्याचे सारण, कोफ्ते व भुर्जी यांसाठी गोठविलेले पनीर उत्तम. ताज्या पनीरसारखे ते कच्चे खाण्यास मात्र गोड लागत नाही.

सुरत व मुंबई येथील पारशी समाजात प्रसिद्ध असलेले टोपलीचे पनीर ह्याहून निराळे आहे. ते रेनेटने जमवून लहान टोपल्यांत निथळवितात व खारट निवळीत ठेवतात. ते अतिशय मऊ असते. असे पनीर गोठवू नये, निवळीतच थंड ठेवून लवकर संपवावे.

चक्का व खवा

दही टांगून केलेला चक्का फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस राहतो. दिवसागणिक त्याचा आंबटपणा वाढत जातो. पुढील सणासाठी ठेवावयाचा असल्यास चक्का चांगला निथळवून, पसरट डब्यात फार जाड थर न होईल अशा रीतीने गोठवावा. वितळल्यावर त्यास थोडे पाणी सुटते व तो किंचित रवाळ होतो. पाणी ओतून देऊन चक्का साखरेबरोबर पुरणयंत्रातून काढला की, श्रीखंडात हा दोष सहसा जाणवत नाही. साखर घालून तयार केलेले श्रीखंड नुसत्या चक्क्यापेक्षा गोठण अधिक चांगली सोसते.

खव्याचे पिंडी, दाणेदार व धाप असे तीन प्रकार मानले जातात. पिंडीत पाणी सर्वांत कमी असल्याने तो सर्वांत अधिक टिकतो. धाप खवा ओलसर असल्याने लवकर बिघडतो. खव्याचा मुख्य शत्रू बुरशी होय. गरम खवा डब्यात भरून झाकण लावल्यास वाफेचे थेंब पृष्ठभागावर पडतात व तेथेच बुरशी धरते. तो आधी स्वच्छ जागी, जाळी झाकून, पण लवकर निवू द्यावा. नंतर पाव-पाव किलोच्या चपट्या वड्या करून लोणीकागदात गुंडाळाव्यात व पिशवीत बंद करून गोठवाव्यात. खवा पुढे भाजला किंवा शिजविला जात असल्याने गोठविल्याने त्याचे फारसे बिघडत नाही. वितळलेला खवा मंद आचेवर परतून मगच वापरावा.

चीजचे प्रकार

विकतचे चीज आता तालुक्याच्या गावीही मिळते. काही कुटुंबे व बचत गट ते घरीही करू लागले आहेत. चीज म्हणजे एकच पदार्थ नव्हे, त्याचे साठवणीच्या दृष्टीने चार गट पाडता येतील.

पहिला गट कठीण चीजचा. चेडर, गौडा व परमेसान ही नावे ह्यात येतात. असे चीज लोणीकागदात गुंडाळून डब्यात घालावे व फ्रीजमध्ये आतील बाजूस ठेवावे. फ्रीजचे दार वारंवार उघडले जात असल्याने दारातील कप्पा सर्वांत कमी थंड असतो. उघडलेले चीज तीन ते चार आठवडे चांगले राहते. गोठवावयाचे असल्यास २५० ग्रॅमपेक्षा मोठा तुकडा घेऊ नये व तो २.५ सेंटिमीटरहून जाड नसावा. किसून गोठविल्यास अधिक सोईचे. वितळल्यावर त्याच्या पातळ चकत्या नीट निघत नाहीत, परंतु चव बरीचशी टिकते व शिजविण्यास ते योग्य असते. परमेसान इतके कोरडे असते की, ते गोठविण्याची गरज क्वचितच पडते.

दुसरा गट मोझरेलाचा. त्यात पाणी अधिक असते. पिझ्झ्यासाठी वापरावयाचे घट्ट मोझरेला किसून लहान पिशव्यांत गोठवावे आणि न वितळविता थेट वापरावे. पाण्यात ठेवलेले ताजे मऊ मोझरेला मात्र गोठविल्यास पाणी सोडते व रबरासारखे होते.

तिसरा गट प्रक्रिया केलेल्या चीजचा. डब्यात, चौकोनी वड्यांत किंवा चकत्यांच्या रूपात जे चीज सर्वत्र मिळते, ते बहुधा ह्या गटातील असते. चीज वितळवून, त्यात पाणी व स्निग्धांश एकजीव ठेवणारे क्षार मिसळून ते तयार करतात. गोठविल्यास हा एकजीवपणा मोडतो व चीज ठिसूळ होते. त्यामुळे ते फ्रीजमध्येच ठेवावे. वेष्टणावरील तापमान व मुदतीची सूचना वाचून तिचे पालन करावे.

चौथा गट मऊ, लोण्यासारख्या पसरणाऱ्या चीजचा. हे गोठवू नये. वितळल्यावर ते फुटते व त्याची गोडी जाते.

फ्रीझरची परीक्षा

एकदारी फ्रीजमधील लहान बर्फकप्पा बहुधा उणे १८ अंशांपर्यंत थंड होत नाही. म्हणून अशा फ्रीजमध्ये पनीर किंवा चीज कित्येक महिने ठेवण्याचा बेत करू नये, तीन-चार आठवड्यांत संपवावे. साधा तापमापक आणून एकदा तापमान पाहून घेणे हिताचे. गरम किंवा कोमट पदार्थ फ्रीझरमध्ये घालू नये. एका दिवसात फ्रीझरच्या क्षमतेच्या सुमारे एकदशांशाहून अधिक नवा पदार्थ भरल्यास सर्वच सावकाश गोठते व आधीचे पदार्थही पिचू लागतात. मासळी, मटण व लसूण-कांद्याचे वाटण यांच्यापासून दुधाचे पदार्थ दूर, बंद डब्यात ठेवावेत, कारण स्निग्ध पदार्थ वास चटकन ओढून घेतात. पिशवीत हवा राहिल्यास पदार्थावर कोरडे पांढुरके डाग पडतात व कालांतराने तो खवट लागतो.

वीज गेल्यास दार उघडू नये, हा पहिला नियम. बंद ठेवलेल्या फ्रीजमधील थंडी सुमारे चार तास पुरते. गच्च भरलेल्या, स्वतंत्र मोठ्या फ्रीझरमधील माल न उघडल्यास सुमारे ४८ तास गोठलेला राहतो, अर्धा भरलेला असल्यास सुमारे २४ तास. फ्रीजमधील लहान बर्फकप्प्यास हे आकडे लागू करू नयेत, तो त्याच्या कितीतरी आधी वितळतो.

घरची मंडळी परगावी गेली असता वीज केव्हा गेली व केव्हा आली, हे कळत नाही. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. वाटीभर पाण्याचा फ्रीझरमध्ये बर्फ करावा व त्यावर एक नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे वरच असेल, तर माल गोठलेलाच राहिला असे समजावे. नाणे तळाशी जाऊन त्यावर बर्फ झाला असेल, तर मधल्या काळात सर्व वितळले होते, हे उघड आहे. असा माल दिसण्यात चांगला असला तरी वापरू नये.

ज्या पदार्थात अजून बर्फाचे कण आहेत, तो परत गोठविण्यास धोका नाही, मात्र त्याचा पोत आणखी उतरतो. पूर्ण वितळून ऊब लागलेला पदार्थ पुन्हा गोठवू नये. वितळविण्याचे काम ओट्यावर न करता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, रात्रभर करावे.

फ्रीज नसेल तर?

माठ किंवा विटा व वाळू यांचा शून्य ऊर्जा शीतकक्ष पाण्याच्या बाष्पीभवनाने थंड होतो. भाजीपाला व फळे यांसाठी तो उपयुक्त आहे, पण पनीर साठविण्याइतकी थंडी त्यात होत नाही. म्हणून फ्रीज नसलेल्या घरी जादा दुधाचे पनीर तेवढेच करावे, जेवढे त्याच दिवशी खपेल. बाकीच्या दुधाचे दही लावून, लोणी काढून तूप कढवावे. पाणी काढून टाकलेला पदार्थ थंडीवाचूनही टिकतो, ही तर आजीपासून चालत आलेली विद्या आहे.

टाकून केव्हा द्यावे?

पनीर हातास बुळबुळीत लागले, त्याचे पाणी गढूळ व तारेदार झाले, आंबूस किंवा कडवट वास आला अथवा रंगीत ठिपके दिसले, तर ते सर्वच्या सर्व टाकावे. पनीर, चक्का, खवा व मऊ चीज ओलसर असल्याने बुरशीचे धागे आत खोलवर जातात. वरचा भाग खरवडून उपयोग नाही. कठीण चीजच्या मोठ्या तुकड्यावर बुरशीचा ठिपका आल्यास त्याच्या चहूबाजूंनी व खाली २.५ सेंटिमीटर भाग कापून बाकीचे वापरता येते. मात्र कापताना सुरी बुरशीला लागू देऊ नये.

पुष्कळ घरी असा समज आढळतो की, संशयित पनीर तळले किंवा चांगले उकळले की दोष जातो. हा समज घातक आहे. काही जंतू पदार्थात वाढताना विष सोडतात आणि त्यांपैकी काही विषे उकळल्यानेही नाश पावत नाहीत. तसेच कच्च्या दुधाचे चीज करू नये. त्यातून ब्रुसेलोसिससारखे रोग माणसास होऊ शकतात. दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापविल्याखेरीज त्याचे चीज करावयास घेऊ नये. गरोदर स्त्रिया, लहान मुले व वृद्ध यांना जुने पनीर व मऊ चीज कच्चे देऊ नये. लिस्टेरियाने गर्भपात होण्याचा धोका असतो, म्हणून ह्या बाबतीत काटकसर दाखविणे सर्वथा गैर आहे.

ग्रामसेविकांसाठी प्रात्यक्षिक

महिला मंडळात किंवा बचत गटात व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाचा ठसा अधिक उमटतो. एकाच घाण्याच्या पनीरचे वजनाने सारखे तीन भाग करावेत. पहिला भाग पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावा. दुसरा सबंध वडीच्या रूपात गोठवावा. तिसरा लहान तुकडे करून, पसरून गोठवावा. दोन दिवसांनी गोठविलेले दोन्ही भाग वेगवेगळ्या चाळणीत, खाली वाटी ठेवून फ्रीजमध्ये वितळवावेत. कोणत्या वाटीत किती पाणी गळले, ते सर्वांसमक्ष मोजावे. मग तिन्ही भागांची निरनिराळी भाजी करून चव घ्यावी. कोणते पनीर कशास योग्य, हे भगिनी स्वतःच सांगतील. तारखेची चिठ्ठी लावणे व नाण्याची वाटी ठेवणे ह्या दोन गोष्टी त्याच बैठकीत करवून घ्याव्यात.

हे पदार्थ विकावयाचे असतील, तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो, ह्याची जाणीव गटास द्यावी. गोठविलेले पनीर ताजे म्हणून विकणे ही ग्राहकाची फसवणूक होय. ती एकदा उघडकीस आली की, गटाचे नाव बाजारातून उठते.

थोडक्यात सांगावयाचे तर, स्वच्छतेने करावे, लवकर थंड करावे, लहान भाग पाडावेत, तारीख लिहावी व शंका येताच टाकावे. ह्या पाच गोष्टी पाळणाऱ्या घरी पुष्टकाळातील काही दूध पुढच्या दिवसांसाठी राखून ठेवता येईल आणि जनावरामागे घेतलेले कष्ट उकिरड्यावर जाणार नाहीत.